स्लॅब बघून घेतलेली गाडी

कळमेश्वरात राहून नागपुरात नोकरी करणाऱ्यांचा पगार दर महिन्याला थोडा काटोल रोडवर सांडतो. सकाळी फेटरी, गोरेवाडा, काटोल नाका आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा, असे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. आमच्या घरात हा रस्ता वहिनीच्या वाट्याला आहे. ती नागपुरात शिकवते, दादाची नोकरी इथल्याच एमआयडीसीत आहे आणि त्याचे काम दुचाकीवर भागते. रविवारी आई-बाबांना घेऊन आदासा नाहीतर धापेवाडा, शिवाय सोयऱ्यांकडची लग्नकार्ये. सगळे मिळून महिन्याला सुमारे १,५०० किलोमीटर.

जुनी पेट्रोल गाडी लिटरला सोळा किलोमीटर द्यायची. पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये आणि महिन्याला पावणेदहा हजार. २०२५च्या सुरुवातीला ती बदलायचे ठरले, तेव्हा सीएनजीचा विषय घरात फार वेळ टिकला नाही. नागपूरकरांनी मार्च २०२२मध्ये सीएनजी १२० रुपये किलोने भरलेला आहे, तेव्हाचा तो देशातला सर्वात महाग दर होता. त्या आठवणीने बाबांनी आधीच नकार दिला. उरली इलेक्ट्रिक.

नागपूरकरांना इलेक्ट्रिक मोटारी नव्या नाहीत. मे २०१७मध्ये ओला आणि महिंद्रा यांनी इथेच दोनशे इलेक्ट्रिक वाहनांचा प्रयोग सुरू केला होता. त्यात महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस टॅक्सी होत्या, ई-रिक्षा होत्या, शुभारंभाला गडकरी आणि फडणवीस दोघेही होते. वर्षभरातच चालकांच्या तक्रारींच्या बातम्या येऊ लागल्या. चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जात, तेवढा धंदा बुडे, आणि काहींना परत डिझेलकडे जायचे होते. त्या प्रयोगातून घरगुती गिऱ्हाइकाने एक गोष्ट नक्की उचलावी: स्वतःच्या दारात रात्रभर चार्ज होणारी गाडी आणि बाहेरच्या चार्जरवर जगणारी गाडी यांचे हिशेब पूर्ण वेगळे असतात. आमच्याकडे अंगण होते, म्हणून पुढचा विचार झाला.

शोरूममध्ये पहिले वाक्य ऐकू आले ते "किलोमीटरला एक रुपया". हा आकडा येतो कुठून, ते समजून घेण्यासारखे आहे. छोटी इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते, युनिट सात रुपयांना धरले की झाला रुपया. पण महाराष्ट्रातल्या घरात युनिट सात रुपयांना मिळते का, हे कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर प्रत्येकाच्या घरी दर महिन्याला छापून येते, महावितरणच्या बिलावर.

दादाने ते बिल टेबलावर पसरले आणि आम्ही स्लॅब वाचायला बसलो. २०२४-२५च्या दरांप्रमाणे, वहन आकार धरून, पहिली शंभर युनिटे ५ रुपये ८८ पैशांनी, १०१ ते ३०० पर्यंतची ११ रुपये ४६ पैशांनी, ३०१ ते ५०० पर्यंतची १५ रुपये ७२ पैशांनी आणि त्यापुढची १७ रुपये ८१ पैशांनी. वर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार कधी लागतो, कधी नाही.

आता गाडीची युनिटे कोणत्या दराने मोजायची? बहुतेक लोक बिलाची रक्कम भागिले युनिटे करून सरासरी काढतात आणि तीच गाडीला लावतात. तसे करता येत नाही. पंखे, फ्रिज, मिक्सर, टीव्ही हे आधीपासून घरात आहेत आणि खालचा स्वस्त स्लॅब त्यांनी केव्हाच भरून टाकलेला असतो. गाडी शेवटी येते, म्हणून तिला वरचा दर पडतो.

आमचे घर थंडी-पावसाळ्यात महिन्याला १८० युनिटांपर्यंत जाते. गाडीला १,५०० किलोमीटरसाठी भिंतीतून सुमारे २३० युनिटे लागतात. बॅटरीत पोहोचतात त्याहून थोडी जास्त, कारण चार्ज होताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते. म्हणजे १८०वरून ४१०. मधली १२० युनिटे साडेअकराच्या दराने, ११० पावणेसोळाच्या, वर शुल्क. बेरीज ३,६०० रुपये, किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे. जाहिरातीच्या जवळजवळ अडीचपट, पण पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी.

मे महिना वेगळा. नागपूरने २०१३च्या मेमध्ये ४७.९ अंश पाहिलेले आहेत आणि ४५ अंशांची इथे बातमीही होत नाही. दिवसभर कूलर, रात्री आई-बाबांच्या खोलीत एसी, घरच ३५० युनिटांवर. मग गाडीची सगळी युनिटे वरच्या दोन स्लॅबमध्ये पडतात आणि किलोमीटर तीन रुपयांच्या जवळ जातो. त्यात गाडीचा स्वतःचा एसी, तापलेली बॅटरी थंड ठेवण्याचा खर्च आणि युनिटला सातऐवजी सहा किलोमीटर. विदर्भात इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब करणाऱ्याने मे महिन्याचे बिल समोर ठेवून करावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. डिसेंबरच्या बिलावर कोणतीही गाडी स्वस्तच दिसते.

महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळा दर आणि वेगळी जोडणी घेण्याची सोय आहे. एका मीटरवर तीन पिढ्यांचे घर चालत असेल तर तो पर्याय जरूर तपासावा. आम्ही छपराकडे वळलो.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली. छपरावरच्या तीन किलोवॉटच्या सौर संचाला तिच्यात ७८ हजारांचे अनुदान आहे आणि नागपूर जिल्हा राज्यात या योजनेत पुढे आहे. आमच्या गच्चीवर तीनशे चौरस फूट जागा होतीच. अनुदान वजा जाता १ लाख १० हजारांच्या आसपास खर्च आला. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटे देतो, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या घरात. गाडी दिवसा नागपुरात उभी असते आणि सूर्य रात्री नसतो, तरी नेट मीटरमुळे अडत नाही: दिवसाची युनिटे महावितरणकडे जमा होतात आणि रात्रीच्या वापरातून वजा होतात. घर अधिक गाडी मिळून ४१० युनिटांचे बिल साडेपाच हजारांजवळ गेले असते, ते काही महिन्यांत पाचशेच्या आसपास आले. पावसाळ्यात ढग दाटले की उत्पादन पडते, तेव्हा बिल वाढते. तरी छपराचा खर्च दोन वर्षांच्या आत फिटेल असे दिसते. गाडीने वरच्या स्लॅबमध्ये ढकलले आणि छपराने खाली ओढले. दोघांचा विचार एकत्रच करायला हवा होता आणि तो गाडी घेण्याआधी झाला, हे बरे झाले.

गाडी निवडताना जानेवारी २०२४मध्ये आलेली इलेक्ट्रिक टाटा पंच, तिची मोठी बहीण नेक्सॉन आणि सप्टेंबर २०२४मध्ये आलेली एमजीची विंडसर, अशा तीन समोर होत्या. विंडसर आईला फार आवडली. मागची सीट ऐसपैस आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढा-उतरायला सोपी. तिची ९ लाख ९९ हजारांची किंमत मात्र बॅटरीविना होती, बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. आमच्या १,५०० किलोमीटरवर भाडेच सव्वापाच हजार, वीज वेगळी. छपराआधीचा हिशेब धरला तर ते पेट्रोलच्या नऊशे रुपये खाली येऊन थांबत होते. बॅटरीसकट घ्यायची तर तीच गाडी साडेतेरा लाखांपासून सुरू होत होती. कमी फिरणाऱ्याला भाड्याची योजना सोयीची वाटू शकेल, रोज पन्नास किलोमीटर करणाऱ्याला नाही.

नेक्सॉनच्या ४५ किलोवॉटअवर बॅटरीचा मोह दादाला होता. कागदावर ४८९ किलोमीटर. वहिनीने एकच प्रश्न विचारला: "मला रोज पन्नास जायचं आहे, उरलेल्या चारशेचं मी काय करू?" कागदावरची रेंज ठरावीक चाचणीतली असते, रस्त्यावर ती बरीच कमी भरते. पण पन्नास किलोमीटरला ३५ किलोवॉटअवरची पंचही चार दिवस पुरते. मोठी बॅटरी म्हणजे जास्त पैसे आणि रोज वाहून न्यायचे जास्त वजन. पंच ठरली. पेट्रोलच्या तशाच गाडीपेक्षा ऑन-रोड अडीच लाख जास्त पडले. हा फरक याहून मोठा झाला असता, पण इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि पेट्रोल गाडीला लागणारा ११-१२ टक्के वाहन कर राज्यात तिला माफ आहे.

बाबांचा प्रश्न बॅटरीचा होता: आठ वर्षांनी काय? हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची. वहिनीचा वेग वर्षाला १८ हजार, म्हणजे आठ वर्षांत १ लाख ४४ हजार. दोन्ही मर्यादा जवळजवळ एकत्र संपतात, हे त्यांना पटले.

गाडी गुढीपाडव्याला दारात आली आणि खरे काम त्यानंतर निघाले. चार्जर प्लगमध्ये घातला की लाल दिवा. दादाने ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने गाडीकडे पाहिलेही नाही, खिशातून मल्टिमीटर काढला आणि सॉकेटमध्ये टोके घातली. फेज-न्यूट्रल २२८, ठीक. न्यूट्रल-अर्थ १९ व्होल्ट. "भाऊ, तुमच्या घराले अर्थिंगच नाही, म्हणून गाडी चार्ज घेऊन नाही राहिली." घर बांधले तेव्हाची अर्थिंगची तार भिंतीत कुठेतरी संपली होती. फ्रिज आणि मिक्सरने इतकी वर्षे ते चालवून घेतले, गाडीच्या चार्जरने पहिल्याच दिवशी नाकारले. लिंबाच्या झाडाजवळ खड्डा खणला, तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मिठाचे थर दिले, वरून बादल्यांनी पाणी. पुन्हा मोजले तेव्हा काटा दोन-तीन व्होल्टवर आला आणि दिवा हिरवा झाला. त्याच फेरीत अडीच एमएमची वायर काढून चार एमएमची टाकली, एमसीबी वेगळा केला आणि सॉकेट औद्योगिक वापराचे बसवले. दहा तास सलग पंधरा अँपिअर ओढले की साधे सॉकेट वितळते. मंजूर भारही दोन किलोवॉटचा होता, तो वाढवून घेतला. या सगळ्याचे पैसे शोरूमच्या कोटेशनमध्ये नसतात. आईला मिक्सरला हात लावताना येणारा बारीक झटका मात्र त्या दिवसापासून बंद झाला, आणि माझ्या लेखी तेवढ्यासाठीही तो खड्डा खणण्यासारखा होता.

वहिनीचे माहेर अमरावती. एका दमात जाता येते, पण त्याच चार्जमध्ये परत येता येत नाही. महामार्गावर शंभरच्या वेगात एसी लावून बॅटरी भराभर उतरते. तिथे दोन पर्याय असतात: माहेरी रात्रभर पंधरा अँपिअरचा प्लग, नाहीतर रस्त्यावरचा फास्ट चार्जर. फास्ट चार्जरवर युनिट वीस-बावीस रुपये पडते, त्यामुळे किलोमीटरला तीन रुपयांच्या वर. तेही पेट्रोलपेक्षा कमी, पण वाटेत पाऊण-एक तास जातो, चार्जर बंद निघाला तर पुढचा शोधावा लागतो. वहिनीने माहेरचे अर्थिंग आधी तपासून घेतले. पुण्याला जायचे तर ही गाडी नाही. समृद्धीवर आता इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ असला तरी नाही, त्यासाठी रेल्वे आहे आणि ऑगस्ट २०२५पासून अजनीहून वंदे भारतही सुटते.

धुराचा प्रश्न बाबांनी काढला आणि तो योग्यच आहे. कळमेश्वरात जळणारे पेट्रोल वाचले, तरी रात्रीची वीज येते ती बरीचशी कोळशाची. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि तिथल्या राखेचा त्रास कोणाला होतो हे नागपूरकरांना ठाऊक आहे. छपरावरून जितकी युनिटे महावितरणला दिली जातात तितकीच आपण परत घेतो, एवढेच उत्तर सध्या आमच्याकडे आहे आणि ते अपुरे आहे.

हिशेब त्यानंतरही हलत राहिला. जुलै २०२५पासून विजेचे नवे दर आले. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली, म्हणून वहिनी आता रविवारी सकाळीच प्लग लावते. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला आणि दोन्ही गाड्यांच्या किमतीतले अंतर वाढले. आमचा अडीच लाखांचा फरक, छपराची बचत न धरताही, साडेतीन वर्षांत भरून निघतो. महिन्याला १,५०० किलोमीटर होतात म्हणून.

शेजारचे काका गेल्या दिवाळीत त्यांचे बिल घेऊन आले. निवृत्त आहेत, महिन्याला फार तर चारशे किलोमीटर फिरतात. त्यांच्या आकड्यांवर महिन्याची बचत अठराशेच्या आत येत होती, म्हणजे अडीच लाख फिटायला बारा वर्षे, आणि आता अंतर त्याहून जास्त. त्यांनी पेट्रोलची गाडी बुक केली, आणि छपराचा अर्ज मात्र आमच्याकडून भरून घेतला.