उन्हाळ्यातली तीन वाक्यं



एप्रिल लागला की मोठ्या माणसांच्या तोंडी तीन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "काय ऊन आहे हो यंदा!" दुसरं, "महागाईनं अगदी जेरीस आणलंय." आणि तिसरं, "गाडीनं पुन्हा काम काढलं." ओट्यावर, गिरणीत, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, कुठंही जा, ही वाक्यं तुम्हाला भेटणारच! एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं "हो ना" म्हणायचं, आणि जरा वारं सुटलं की सगळ्यांनी उठायचं.

तुम्ही तिथंच कुठंतरी खेळत असता, नाहीतर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून चांदण्या मोजत असता. मोठ्यांना वाटतं, पोरांचं काही लक्ष नाही. पण लक्ष असतं! मी शाळेत शिकवते, त्यामुळं मला हे पक्कं ठाऊक आहे. घरी रात्री झालेली गप्पा सकाळी वर्गात माझ्या कानावर येते, तीही तिखटमीठ लावून. म्हणून म्हटलं, आज या तीन वाक्यांवरच बोलू या.

आधी ऊन. आपला अहिल्यानगर जिल्हा (२०२४ सालापर्यंत त्याचं नाव अहमदनगर होतं, आणि बोलताना अजून 'नगर'च तोंडात येतं) मोठा गमतीचा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर. तिथं सह्याद्रीला अडून ढग धो धो बरसतात. पण तेच ढग पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे येईपर्यंत पार रिकामे झालेले असतात. पावसाची झोळी एका टोकाला भरलेली आणि दुसऱ्या टोकाला फाटकी! म्हणून वैशाखात पारा चाळिशीच्या पुढं गेला की पूर्वेकडच्या गावांत उन्हाबरोबर पाण्याचीही चिंता सुरू होते.

पण आपल्याकडच्या उन्हात एक सोय आहे बरं का! हवा कोरडी असते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. अंगावरचा घाम वाळताना ती उष्णता आपल्या अंगातून घेतो, आणि आपण थंड होतो. माठही हेच करतो. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वाळतं आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कोकणातल्या दमट हवेत माठातलं पाणी इतकं गार होत नाही. नगरचा माठ मात्र मे महिन्यात दात शिवशिवतील असं पाणी देतो. जुन्या लोकांना ही युक्ती चांगली माहीत होती. नगर शहराजवळ निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, फराहबाग नावाचा महाल बांधला गेला, तोच मुळी तळ्याच्या मधोमध! चारी बाजूंनी पाणी, आणि पाण्यावरून येणारा वारा.

आता ध्यानात घ्या, घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. म्हणून उन्हातून आल्यावर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ठेवावं आणि थोडं थोडं प्यावं. चमचा चहाचा हं, वरणाचा नव्हे! पण एखाद्याचं अंग फार तापलं, चक्कर आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर ओलं कापड फिरवा, वारा घाला आणि मोठ्यांना १०८ नंबरवर फोन करायला सांगा. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी मात्र घालू नका.

तिसरं वाक्य आधी घेऊ, कारण गाडीचं दुखणं आपल्या घामासारखंच आहे. मे महिन्यात नगरहून पाथर्डीला जाताना करंजी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या कधी पाहिल्यात? गाडीवाला कपाळाला हात लावून बसलेला असतो आणि इंजिनातून वाफा निघत असतात. होतं काय, की इंजिनात जळणाऱ्या पेट्रोल-डिझेलची थोडीच उष्णता चाकं फिरवायच्या कामी येते. बाकीची बाहेर टाकावी लागते. ते काम कूलंट करतं. कूलंट म्हणजे औषध मिसळलेलं पाणीच म्हणा ना. ते इंजिनात फिरून उष्णता उचलतं आणि पुढं लावलेल्या रेडिएटरच्या बारीक जाळीत आणून सोडतं. तिथं वारा लागतो आणि ते पुन्हा गार होतं. घाटात मात्र इंजिनाला कष्ट जास्त, वेग कमी म्हणून वारा कमी, आणि जो वारा येतो तोही तापलेला! त्यात कूलंट कमी असेल तर काटा लाल रेघेला जाऊन भिडतो.

अशा वेळी गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि चांगलं अर्धा-पाऊण तास थांबायचं. रेडिएटरचं झाकण घाईनं उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळं ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं, दाब गेला, की सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. तुमच्या घरी गाडी असेल तर सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या पांढऱ्या डब्यावरच्या दोन रेघा बाबांबरोबर बघा. पाणी दोन रेघांच्या मध्ये पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आणखी एक गोष्ट, ही मात्र कानाला खडा लावून ऐका. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत कधीही लपायचं नाही, खेळायला बसायचं नाही, धाकट्या भावंडाला तर "दोनच मिनिटं" म्हणूनसुद्धा बसवून जायचं नाही. काचा बंद असल्या की दहा मिनिटांत आतलं तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. आईबाबांनीही हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

गाड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते, आपल्या लष्कराच्या गाड्यांची परीक्षा घेणारी संस्था नगरलाच आहे! वाहन संशोधन आणि विकास आस्थापना तिचं नाव. सगळे तिला 'व्हीआरडीई' म्हणतात. रणगाड्यांचं संग्रहालयही १९९४ पासून नगरमध्ये आहे. तिथं गेलात तर एवढ्या अवजड रणगाड्याचं इंजिन थंड कसं ठेवत असतील, हा प्रश्न जरूर विचारा.

राहिलं मधलं वाक्य, महागाईचं. उन्हाळ्यात पैसा जास्त का लागतो, याचं गणित आपणच करू या. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट वीज लागते. साधा पंखा ७५ वॅटचा. तो रोज दहा तास फिरला तर पाऊण युनिट, म्हणजे महिन्याला साडेबावीस युनिट. घरात तीन पंखे असतील तर साडेसदुसष्ट. त्यात १५० वॅटचा कूलर रोज दहा तास लावला की आणखी ४५. झाले ना साडेबारा वर शंभर? आणि गोम इथंच आहे. महावितरणच्या घरगुती बिलात शंभरच्या पुढच्या युनिटांना दर जास्त लागतो. त्यापुढं तीनशेला आणखी एक पायरी असते. म्हणून उन्हाळ्याचं बिल चालत येत नाही, उड्या मारत येतं!

लिंबाचंही तसंच. आपल्या श्रीगोंदा भागात लिंबाच्या एवढ्या बागा, तरी एप्रिलमध्ये लिंबू का कडाडतं? लिंबाचा मोठा बहार पावसाळ्याच्या सुमारास हाती येतो. तेव्हा सरबत कोण पितं? उन्हाळ्यात फळ थोडं आणि मागणारे सगळेच. मग भाव चढणारच. त्यावर आजीचा जुना उपाय आहे. पावसाळ्यात लिंबं स्वस्त झाली की रस काढून, साखर घालून पाक करून ठेवायचा.

आता एक खरी गोष्ट सांगते. माझ्या वर्गात चौथीतला एक मुलगा होता. नाव सांगत नाही. त्याचे वडील सवारीची जीप चालवायचे, गावातून तालुक्याला. एका एप्रिलमध्ये कूलंट गळून इंजिन तापलं, हेड गॅस्केट उडालं आणि जीप बरेच दिवस गॅरेजला पडून राहिली. सकाळची शाळा होती. शाळा सुटताना हा मुलगा सगळ्यांच्या मागं रेंगाळायचा, आणि मग रस्ता सोडून कडेच्या वाळक्या गवतावरून उड्या मारत जायचा. आधी मला तो खेळ वाटला. एकदा त्याला थांबवून पाय बघितले. चपलेला टाचेखाली रुपयाएवढं भोक होतं आणि टाचेला फोड आले होते. आत कागदाची घडी घातली होती. माझ्याच विषयाच्या जुन्या वहीचं पान!

"घरी का नाही सांगितलं रे?"

तो हळूच म्हणाला, "बाई, जीपचं काम निघालंय. पप्पा रात्री आईला सांगत होते, आता एक रुपया पण नाय काढायचा."

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याचे वडील आधी काही बोललेच नाहीत. मग लेकाचा पाय मांडीवर घेऊन म्हणाले, "अरे, जीपच्या टायरला मी कर्ज काढतो, आणि तुझ्या पायाला नाही म्हणेन होय? ते मी माझ्या पान-तंबाखूबद्दल बोलत होतो, येड्या!" आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी पोरगा नवी चप्पल घालून आला आणि भर रस्त्याच्या मधून चालत गेला.

बघा हं, त्या घरात वाईट कुणीच नव्हतं. वडील काटकसर करत होते, मुलगाही करत होता. पण एकाचं बोलणं अर्धंच ऐकलं गेलं आणि दुसऱ्याचं दुखणं कुणी पाहिलंच नाही. फोड आले ते तेवढ्यामुळं.

यावर उपाय आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तो एका गावानं शोधला आहे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं, दुष्काळानं गांजलेलं गाव होतं. पोटासाठी माणसं गाव सोडून जायची. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावानं श्रमदान केलं, डोंगरउतारावर चर खणले, झाडं लावली, बंधारे बांधले. पण मला सगळ्यात आवडते ती तिथली पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत. यंदा पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती मुरलं, हे गाव मोजतं आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतं. आधी पिण्याचं पाणी, मग गुराढोरांचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतील ते ठरतं. फार पाणी पिणारा ऊस तिथं नको म्हटला गेला, शेतीसाठी विंधनविहिरींना बंदी केली गेली. पाऊस कमी झाला तर पिकं कमी पाण्याची. गपचूप कुढणं नाही, कारण आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती सगळ्या गावाची शाबासकीच म्हणायची.

गाव हे करू शकतं, तर चार माणसांचं घर का नाही? एखाद्या रविवारी वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिला 'लागणारच', दुसरा 'थांबू शकतं', तिसरा 'घरीच करता येईल'. औषध, दळण, पुस्तकं आणि पायातली चप्पल पहिल्या रकान्यात. नवा मोबाइल दुसऱ्यात. लिंबाचा पाक, खोलीबाहेर पडताना पंखा बंद करणं, कूलंटचा डबा बघणं तिसऱ्यात. महिन्यातून एकदा विजेच्या मीटरचा आकडा लिहायचं काम तुमच्याकडे घ्या. भागाकार-गुणाकाराचा सरावही होईल!

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांसमोर पैशाची अडचण बोलू नका, असं मी म्हणणार नाही. बोला, पण पूर्ण बोला. "पैसे नाहीत" एवढंच ऐकून मूल झोपलं, तर उरलेलं वाक्य ते अंधारात स्वतःच रचतं, आणि ते बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. "या महिन्यात ओढ आहे, जूनमध्ये ठीक होईल, आणि तुला काही लागलं तर आधी मला सांग," एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

आणि मुलांनो, तुम्ही त्या तीन वाक्यांना एक चौथं वाक्य जोडा. ऊन, महागाई, गाडी अशी गाडी रुळावर आली की हळूच विचारा, "मग आपण काय करू या?" मोठी माणसं आधी हसतील. मग कुणीतरी म्हणेल, "पोरगं बरोबर बोलतंय." आणि पायाला फोड असेल, तर ते चौथ्या वाक्याचीही वाट न बघता, आधी सांगून टाका.

विचाराल ना? आणि तुमच्या घरचा पहिला ताळेबंद कसा झाला, तेही आम्हाला जरूर कळवा.