नुसता 'पाय' दुखत नाही

'पाय दुखतो' या दोन शब्दांमागे आपले खेळाडू काय काय लपवतात! मराठीला शब्दांचा तोटा नाही. 'जांघ' आहे, जांघेतल्या गाठीला 'अवधाण' आहे. पण ते चारचौघांत उच्चारायचे नाहीत, असा अलिखित संकेत. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावरील चालुक्यकालीन सुरसुंदरी कमरेला बाक देऊन निःसंकोच उभ्या आहेत. त्याच गावाहून माझ्या वर्गात येणारी एक खो-खो खेळाडू मात्र दोन महिने 'पाय'च म्हणत राहिली. मग मलम गुडघ्याला लागले, यात नवल ते काय?

वास्तविक हे दुखणे त्या खेळाच्या व्याकरणातच आहे. बसल्या जागेवरून उसळी, खांबाशी वळण, हुलकावणी देत बाजूला झेप: प्रत्येक वेळी ताण पडतो तो मांडीच्या आतल्या, जघनास्थीला जोडलेल्या स्नायूंवर. स्पर्धा जवळ आली की सराव एकदम दुप्पट होतो. सूक्ष्म इजा भरून येण्याआधीच नवी इजा होते. 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातलीच. त्यानंतर मैदानावर मुली वाढाव्यात, हे ओघानेच आले.

'विश्रांती घे' हा सल्ला अर्धाच. विश्रांतीने वेदना थांबते, स्नायू मात्र दुबळाच राहतो. मैदानावर परतताच दुखणेही परतते. डेन्मार्कमधील एक प्रयोग 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. जांघेच्या जुनाट दुखण्याच्या 68 खेळाडूंपैकी निम्म्यांना मालिश, ताणणे असे उपचार. उरलेल्यांना आठ ते बारा आठवडे बळ वाढवणारे व्यायाम, त्यांत दोन्ही पायांत चेंडू दाबून धरणेही होते. व्यायामाच्या गटातले 23 जण वेदनेविना खेळू लागले, दुसऱ्या गटातले अवघे 4. चेंडूला खर्च तो कितीसा?

मात्र रात्री ठणका लागत असेल, पायावर भार देववत नसेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. तिथे हाडाला तडा गेलेला असू शकतो, आणि धावणाऱ्या मुलींत ती शक्यता अधिक. डॉक्टर पहिला प्रश्न 'नेमके कुठे?' असाच विचारणार. आणि हो, त्या प्रयोगातले सगळे 68 जण पुरुष होते.