ओळी हलतात, कारणं नाही

सर्व्हर बदलणं म्हणजे घर बदलण्यासारखं, असं म्हणतात. मला ते जिल्हा बदलण्यासारखं वाटतं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. गावं होती तिथेच राहिली, पण बाबांच्या जुन्या कागदांवर अजून ‘जि. धुळे’ आहे आणि ते का, हे दर वेळी कुणाला तरी सांगावं लागतं.

तर मंडळी, जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेची वसतिगृह प्रवेशाची साइट मी शनिवार-रविवारी सांभाळतो. ती सेंटओएस ७ वर होती. ३० जून २०२४ नंतर त्याला सुरक्षेचे अपडेट्स मिळणार नव्हते, म्हणून त्या मे महिन्यात नवा सर्व्हर घेतला. सोबत एक पॅनेल. साइट जोडा, बटण दाबा, एसएसएल तयार. मजाच!

पण पॅनेलची एक खोड असते. ते कॉन्फिग स्वतःच्या साच्यातून बनवतं. तुम्ही त्यात हाताने काही बदललंत, तर पुढच्या वेळी फाइल नव्याने लिहिताना ते पुसून टाकतं. आपलं जे खास असेल ते त्याने नेमून दिलेल्या वेगळ्या फाइलमध्येच ठेवायचं.

आता खास काय होतं? जुन्या अपाचीच्या फाइलमध्ये दोन ओळी होत्या. अपलोडची मर्यादा २० एमबी, आणि फॉर्मचा मजकूर येण्यासाठी थांबायची वेळ नेहमीच्या २० सेकंदांऐवजी १२०. वर कमेंट नाही. लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला. साफसफाईच्या नावाखाली उडवायला अगदी योग्य ओळी!

उडवण्याआधी संस्थेच्या ऑफिसात फोन केला. तिथले क्लार्क म्हणाले, “भाऊ, पोरं धडगावकडून मोबाइलवर फॉर्म भरतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळ्याचे फोटो जोडतात. रेंज येते आणि जाते.”

म्हणजे त्या दोन ओळी सातपुड्यातल्या पोरांसाठी होत्या.

त्या जशाच्या तशा उचलून चालणार नव्हत्या. नव्या सर्व्हरवर अपाचीच्या पुढे एनजिनएक्स उभा. तो मुळात १ एमबीच्या वर काही घेतच नाही, सरळ ४१३ची एरर देतो. पीएचपी आता एफपीएमवर, त्यामुळे अपाचीच्या फाइलमधली पीएचपीची ओळ तिथे लागू होत नाही. म्हणून २० एमबी एनजिनएक्समध्ये एकदा आणि पीएचपीमध्ये पुन्हा लिहावं लागलं. वेळेची ओळही पुढे आणावी लागली, कारण फॉर्म आधी एनजिनएक्सच पूर्ण गोळा करतो. दोन तुकड्यांच्या मध्ये तो ६० सेकंद थांबतो, ते १२० केले.

डीएनएस बदलण्याआधी लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकला, ब्राउझरमध्ये नेटचा वेग मुद्दाम पाडला आणि १८ एमबीचा फॉर्म पाठवला. बऱ्याच वेळाने, पण गेला. हे केलं नसतं तर? होमपेज छान उघडलं असतं, पॅनेलवर सगळं हिरवं दिसलं असतं, आणि जूनमध्ये कुणाचा तरी प्रवेश हुकला असता. त्याने तक्रार कुठे केली असती?

असो. तुमच्याकडेही अशा अनाथ ओळी असतील. पॅनेल ओळी उचलून नेईल, पण त्यामागचं कारण आपल्यालाच न्यावं लागतं. नव्या फाइलमध्ये मी मराठीतच कमेंट टाकली आहे, सर्व्हरची काही हरकत नसते :)

# धडगावकडून कमी रेंजमध्ये फॉर्म भरणाऱ्यांसाठी. काढण्याआधी ऑफिसात फोन करा.