पलटणचा हंगाम आणि लेकीची दहावी

वारजे-माळवाडीत राहणाऱ्यांना बालेवाडी परकी नाही. महामार्गाला लागायचे, चांदणी चौक ओलांडायचा, बावधन-सूस मागे टाकायचे, की क्रीडासंकुल आलेच. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभे राहिले. डिसेंबर 2023 मध्ये प्रो कबड्डीचा दहावा हंगाम पुण्यात आला, तेव्हा चांदणी चौकातला नवा पूल खुला होऊन चार महिने झाले होते आणि वाहतुकीचे जुने निमित्त आमच्यापाशी उरले नव्हते. लेकीने ते बरोबर हेरले. "आता तर वीस मिनिटांत पोचू," असे म्हणून तिने आमच्यापुढे हट्ट मांडला.

हट्टाला हरकत नव्हती, हरकत होती वर्षाला. लेक दहावीत होती. आमच्या दोघांच्याही घरात दहावीची पायरी ओलांडणारे आम्हीच पहिले. त्यामुळे दहावी म्हटले की आमच्या घरात आवाज आपोआप खाली येतो. घरातल्या आजी तर ज्या दिवशी दहावीची पुस्तके आली त्या दिवसापासून दूरचित्रवाणीवर कापड टाकून बसल्या होत्या. त्यात लेक स्वतः कबड्डी खेळणारी. वस्तीतल्या मंडळाच्या मुलांबरोबर मातीत लोळून मोठी झालेली. चढाईपेक्षा पकडीत तिचे मन रमते, डाव्या कोपऱ्यात उभी राहते. "खेळून का पोट भरतं?" हा आजींचा प्रश्न. तो आम्ही हसण्यावारी नेला नाही, कारण आजींनी पोट भरण्यासाठी काय काय केले ते आम्ही पाहिले आहे.

शेवटी करार ठरला. हंगामभर फक्त पुणेरी पलटणचे सामने पाहायचे, बाकीच्या अकरा संघांचे नाव काढायचे नाही. सामना चाळीस मिनिटांचा, वीस-वीसची दोन सत्रे. सामना संपला की पुन्हा अभ्यासाला. बालेवाडीला मात्र एकदाच जायचे.

ज्यांनी ही लीग पाहिली नाही त्यांना पलटणची कहाणी थोडी सांगायला हवी. 2014 साली आठ संघांनी लीग सुरू झाली आणि त्या पहिल्या हंगामात आपला पुण्याचा संघ तळाला राहिला. पुढे बरे दिवस आले, पण चषक आला नाही. 17 डिसेंबर 2022 रोजी नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात मुंबईत जयपूरकडून 33-29 अशी हार झाली. त्या रात्री आमच्या गल्लीत पोरे फटाके घेऊन उभी होती, ती तशीच घरी गेली.

त्यामुळे दहाव्या हंगामाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. प्रशिक्षक बी. सी. रमेश. कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला, लहानपणीच वडिलांना मुकलेला, आईने मोलमजुरी करून वाढवलेला. आजींना हे कळले तेव्हा दूरचित्रवाणीवरचे कापड थोडे वर गेले. त्या पोराचा सामना असला की त्या भिंतीला टेकून बसू लागल्या. नियम त्यांना समजावावे लागले नाहीत. लोण, पकड, मध्यरेषा हे शब्द त्यांच्या माहेरच्या अंगणातलेच. नवे होते ते तीस सेकंदांचे घड्याळ आणि अंगावरचे रंगीत कपडे.

संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता. लिलावात त्याला 2 कोटी 35 लाख रुपये मिळाले होते. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत हाच शादलुई इराणकडून भारताविरुद्ध अंतिम सामना खेळला, आणि आपला अस्लम व नाशिकचा आकाश शिंदे त्याच्या समोरच्या संघात. तो सामना भारताने 33-29 जिंकला. दोन महिन्यांत हे तिघे एका रंगाच्या बनियनमध्ये. लेकीला याचे फार नवल. आम्हाला नवल तिच्या पाठांतराचे. इतिहासातल्या सनावळ्या तिला आठवत नसत, पण शादलुईच्या पकडींचे गुण तोंडपाठ!

बालेवाडीला आम्ही गेलो. त्या संध्याकाळचे एवढेच सांगतो की, चढाईला खेळाडू मध्यरेषा ओलांडून गेला की हजारो माणसे एकदम गप्प होतात, आणि दूरचित्रवाणीवर तो गप्पपणा ऐकू येत नाही.

साखळीत पलटणचे 22 सामने झाले. 17 जिंकले, 3 बरोबरीत, 2 हरले, आणि गुण 96. एके रात्री लेक बीजगणिताच्या वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडत होती. विजयाला पाच गुण, म्हणजे पंच्याऐंशी. बरोबरीला तीन, म्हणजे नऊ. झाले चौऱ्याण्णव. मग दोन कुठून आले? हरतानाही सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरले तर तेव्हा एक गुण मिळत असे. म्हणजे दोन्ही पराभव सातच्या आतले. "हरलो तेसुद्धा हातातोंडाशी," ती म्हणाली. आम्ही वही पाहून गप्प बसलो. बीजगणिताची काळजी थोडी कमी झाली.

फेब्रुवारीत अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तिकडे त्याच सुमारास त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना झाला होता. कॅन्सस सिटीने सॅन फ्रान्सिस्कोला जादा वेळेत 25-22 असे हरवले. तो फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू हातात धरून पळायचे, अकरा जणांनी अडवायचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर बहुधा चेंडू समोरच्याच्या ताब्यात जातो. भाचा हे समजावत असताना लेक मध्येच म्हणाली, "म्हणजे चौथा प्रयत्न ही आपली तिसरी चढाई." कबड्डीत दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. भाच्याला ते पटले.

त्यावरून आठवले, आपल्या पुण्याच्या नावानेही या अमेरिकन फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ होता. 'पुणे मराठाज' त्याचे नाव. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया अशी लीग 2011 साली जाहीर झाली, माईक डिटका, कर्ट वॉर्नर यांच्यासारखे तिकडचे नामांकित लोक तिच्या पाठीशी होते. 2012 च्या पहिल्या हंगामात अंतिम सामन्यात पुण्याने दिल्ली डिफेंडर्सला 6-0 असे हरवून विजेतेपद मिळवले. विजेते! आणि पुण्यात किती जणांना ठाऊक आहे? पुढे लीग बारगळली. शिरस्त्राण आणि खांद्यावरच्या जाड पट्ट्या घालून खेळायचा तो खेळ मैदानात आला, पण गल्लीत कोणी खेळत नव्हते. जिंकल्याची बातमी घेऊन जावे असे दारच नव्हते, असे आमचे मत.

लेक मात्र दुसऱ्याच वाटेने गेली. "एका हंगामात संपलेली लीग आमचीही आहे," ती म्हणाली. खरे होते. 2016 साली प्रो कबड्डीबरोबर महिलांची स्पर्धा घेतली होती. संघ तीनच: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. आपली अभिलाषा म्हात्रे आइस दिवाजची कर्णधार. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने 24-23 असा एका गुणाने घेतला. याहून चुरशीचा सामना कोणता असतो? तरी पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. हांगझौला आपल्या मुलींनीही सुवर्ण आणले, तैपेईला 26-25 असे हरवून. त्या संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे होत्या. पुरुषांच्या संघातले परत येऊन बारा शहरांत, झगमगाटात खेळले. मुली परत येऊन कुठे खेळल्या, ते शोधावे लागते.

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावीला क्रीडा गुणांची सवलत आहे, हे आम्ही सांगितले. तिला ते माहीत होते. "ते नोकरीचं झालं, मी खेळायचं विचारतेय," एवढेच ती बोलली.

1 मार्च 2024 हा दिवस मुद्दाम कोणी जुळवून आणावा तसा आला. सकाळी दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. रात्री हैदराबादला अंतिम सामना, पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. उपांत्य फेरीत पाटण्याला 37-21 असे सहज हरवलेले, तरी जीव खालीवर होतच होता. पेपर बरा गेला होता. त्या रात्री कापड आजींनी स्वतः काढले.

हरियाणा सोपा नव्हता. पलटणला हात सापडत नव्हता. मग पंकज मोहिते गेला आणि एकाच चढाईत चार गुण घेऊन आला. त्या सामन्यात त्याचे एकूण नऊ गुण. शेवट झाला 28-25. तीनच गुणांचे अंतर, अमेरिकेतल्या त्या सामन्यासारखेच. गल्लीत फटाके वाजले. लेकीने पाच मिनिटे नाचून घेतले आणि पुढच्या पेपरच्या पुस्तकाला लागली.

27 मेला निकाल लागला. गुण चांगले पडले, एवढेच सांगतो. अकरावीला तिने असे महाविद्यालय निवडले जिथे मुलींचा कबड्डीचा संघ आहे, मग ते घरापासून दोन बस लांब का असेना. आजींनी विरोध केला नाही, अट घातली: सराव पहाटेचा, संध्याकाळचा नाही. आता आम्हा दोघांपैकी एक जण रोज साडेपाचला तिला सोडायला जातो. त्या वेळी मुठेच्या बाजूने गार वारा येतो आणि मैदानावरची माती दवाने ओलसर असते. मुली सात-सातचे दोन संघ करतात. एखादी आली नाही तर एकीकडे सहाच उभ्या राहतात आणि तशाच खेळतात.