हुतूतू आणि चेडुगुडू

आदिलाबाद 1956 साली आंध्र प्रदेशात गेले. त्यानंतर जन्मलेल्या आम्हां मराठी मुलांनी प्राथमिक शाळेत आधी देवनागरी गिरवली, मग तेलुगूची वाटोळी अक्षरे. वर्ग निराळे, मैदान मात्र एकच. आम्ही ‘हुतूतू’ म्हणत चढाईला जात असू, तेलुगू गडी ‘चेडुगुडू’ म्हणत. पंचाला केवळ दम तुटल्याशी कर्तव्य! तेलुगू आकडे मला पुस्तकाने नव्हे, बाद गड्यांनी शिकविले: ओकटि, रेंडु, मूडु. पुढे सरकारी नोकरीत तीच शिदोरी कामी आली.

नियमबद्ध खेळात ‘कबड्डी’ हाच उच्चार ठरला. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेतही तोच घुमला. नातू इंग्रजी शाळेत जातो. माझ्या मराठीला तेलुगूत उत्तर देतो. परवा अंगणात त्याला ‘हुतूतू’ म्हणावयास लावले. दोन चढायांनंतर त्याने अर्थ विचारला.