ओली वाळू, हलकी गाडी

मुलांनो, अलिबाग-मुरुडकडच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांची शर्यत पाहिलीत कधी? ओहोटी लागली की ओली वाळू कशी घट्ट होते! तोच शर्यतीचा रस्ता. आता गाडी नीट बघा. भात वाहणाऱ्या गाडीसारखं अवजड सामान नाही. हाकणारा जेमतेम टेकेल एवढीच जागा. ओझं कमी, म्हणून पळायला सोपं, वळायला अन् थांबायलाही सोपं.

मोटारींचंही तसंच. इंग्लंडच्या लोटस कंपनीची १९९६ ची ‘एलिस’ जेमतेम सव्वासातशे किलोंची, इंजिन १.८ लिटरचं. रस्त्यावरही चालायची, शर्यतीच्या मैदानातही पळायची. त्याच कंपनीची २०२१ ची ‘एमिरा’ सुमारे चौदाशे किलोंची! मोठं इंजिन, एअरबॅग, आरामाच्या सोयी, सगळ्यांनी वजन वाढवलं. नवी गाडी जोरात जाते ती इंजिनाच्या ताकदीवर. जुनी जायची हलकेपणावर.

इंजिनाला ताकद लावायला सांगता येते. बैलाला? २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं या शर्यती बंद केल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, पण अटींवर. चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही.

तेव्हा पुढच्या वेळी आधी गाडीचा हलकेपणा बघा आणि मग हाकणाऱ्याचे हात. हात रिकामे दिसले, तरच टाळ्या वाजवा हं!