लाल मंदिरातील पंखांचे रुग्णालय

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. १९२९ साली आरंभलेल्या या सेवेत उपचारांचे मूल्य घेतले जात नाही. चांदनी चौकाचा कोलाहल मागे टाकून आत येताच कानी पडते ती पंखांची फडफड. आजारी पाखरांसाठीचे येथील पिंजरे घरी फिंच पाळणाऱ्यास मोलाची शिकवण देतात. हा इवला पक्षी आजार लपवतो. पिसे फुगवून निपचित बसेपर्यंत सामाईक पाण्यातून, विष्ठेतून रोग थव्यात पसरू लागलेला असतो. म्हणून पहिल्या रुग्णास तत्काळ वेगळे करून ऊब द्यावी, सर्व भांडी स्वच्छ धुवावीत आणि पशुवैद्यांना गाठावे. थव्यात रमणाऱ्या जीवाला हा एकांत जड जातो; पण उरलेल्यांसाठी तेच अभयदान ठरते.